बेडाक्विलीन स्वस्त कसे झाले? नागरिकांच्या पाठपुराव्याची उकल

२३ मार्च २०२३ रोजी, जागतिक क्षयरोग दिनाच्या आदल्या दिवशी, भारतीय पेटंट कार्यालयाने जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीचा एक अर्ज फेटाळला. क्षयरोगावरील बेडाक्विलीन या औषधाच्या फ्युमरेट क्षारावर कंपनीला स्वतंत्र पेटंट हवे होते. ते मिळाले असते, तर मूळ पेटंटची मुदत जुलै २०२३ मध्ये संपल्यानंतरही डिसेंबर २०२७ पर्यंत भारतातील अन्य कंपन्यांना हे औषध बनवता आले नसते. या अर्जाला हरकत घेतली होती मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेतील फुमेझा टिसिले या दोन तरुणींनी, तसेच महाराष्ट्रातील एचआयव्हीबाधितांच्या एका संघटनेने. दोघी तरुणी ना वकील, ना रसायनशास्त्रज्ञ. दोघींनाही क्षयरोगाने ग्रासले होते, दोघीही त्यातून वाचल्या होत्या आणि वाचण्याच्या या खटाटोपात दोघींनीही आपली श्रवणशक्ती गमावली होती.

‘मानवाधिकार’ आणि ‘जागतिक विकास’ हे शब्द परिषदांच्या फलकांवर इतक्या सढळपणे वापरले जातात, की त्यांमागे नेमके काय घडते हे विचारायचेच राहून जाते. इंग्रजीत ज्याला ‘ॲडव्होकसी’ म्हणतात, त्यासाठी महाराष्ट्रातील सामाजिक संस्थांच्या वर्तुळात ‘जनवकिली’ हा शब्द रुळला आहे. घरगुती मराठीत आपण त्याला पाठपुरावा म्हणतो. तो यशस्वी होतो तेव्हा कोणत्या यंत्रणेतून होतो, याचे बेडाक्विलीनइतके स्वच्छ उदाहरण अलीकडच्या काळात दुसरे आढळत नाही. शिवाय या प्रकरणाचा आपल्याशी आणखी एक धागा आहे. ज्या कंपनीविरुद्ध ही हरकत होती, तिचे मुख्यालय न्यू जर्सीतील न्यू ब्रन्सविक येथे, म्हणजे एडिसनच्या शेजारी आहे. आणि या औषधाच्या स्वस्त आवृत्त्या बनवणाऱ्यांत मुंबईची ल्युपिन आहे.

आधी रोगाविषयी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे १ कोटी ८ लाख लोकांना क्षयरोग झाला आणि साडेबारा लाख लोक त्याने दगावले. नव्या रुग्णांपैकी सुमारे २६ टक्के एकट्या भारतात होते. साध्या क्षयरोगावर सहा महिन्यांच्या गोळ्या पुरतात आणि त्या स्वस्तही असतात. खरी अडचण आहे ती नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगाची. काही वर्षांपूर्वीपर्यंत अशा रुग्णाला दीड ते दोन वर्षे हजारो गोळ्या आणि त्याखेरीज अनेक महिने रोजचे वेदनादायक इंजेक्शन घ्यावे लागे. या इंजेक्शनांमुळे अंतर्कर्णातील पेशी मरतात. त्या पुन्हा निर्माण होत नाहीत. नंदिता वेंकटेशन यांना पोटाचा क्षयरोग दोनदा झाला. दुसऱ्या खेपेस, २०१३ च्या नोव्हेंबरात, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्यांना अचानक ऐकू येईनासे झाले. त्या भरतनाट्यम नर्तकी होत्या. कान गेल्यानंतरही त्या पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या, हा तपशील वर्तमानपत्रांना भावला. मात्र त्यांनी स्वतः आपली शक्ती अधिक रुक्ष कामात लावली, ते म्हणजे पेटंटच्या कागदपत्रांत.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१२ मध्ये बेडाक्विलीनला मान्यता दिली. नव्या पद्धतीने जिवाणूवर मारा करणारे क्षयरोगाचे औषध चाळीसहून अधिक वर्षांनी प्रथमच आले होते. ते गोळीच्या रूपात असल्याने इंजेक्शनाची, आणि म्हणून बहिरेपणाची, शिक्षा टळणार होती. कंपनीने किमतीचे तीन स्तर ठरवले : सहा महिन्यांच्या उपचारासाठी श्रीमंत देशांत ३०,००० डॉलर, मध्यम उत्पन्नाच्या देशांत ३,००० आणि गरीब देशांत ९००. औषधाचा शोध कंपनीच्या बेल्जियममधील प्रयोगशाळेतला होता हे खरे; पण रुग्णांवरील चाचण्यांचा मोठा भार सार्वजनिक निधीने आणि धर्मादाय संस्थांनी उचलला होता. लिव्हरपूल विद्यापीठातील संशोधकांनी हिशेब मांडला, की मोठ्या प्रमाणावर उत्पादन झाल्यास महिन्याला ८ ते १७ डॉलरमध्ये हे औषध परवडेल. कंपनीने मागितलेली आणि संशोधकांनी मांडलेली अशा दोन किमतींमध्ये जे अंतर होते, तेच पुढील संघर्षाचे कारण ठरले.

भारतात किमतीच्या आधी औषध मिळण्याचाच प्रश्न होता. सुरुवातीला ते मोजक्या सरकारी केंद्रांतच दिले जाई. पाटण्याच्या एका अठरा वर्षांच्या मुलीला ती दिल्लीची रहिवासी नाही या कारणावरून ते नाकारले गेले. तिच्या वडिलांनी दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठावले आणि जानेवारी २०१७ मध्ये तिला औषध मिळाले. तोवर फार उशीर झाला होता; पुढच्या वर्षी ती गेली. अशा दिरंगाईची मोजदाद कोणत्याही अहवालात होत नसते.

आता पेटंटकडे वळू. औषधावर पहिले पेटंट मूळ रेणूवर मिळते आणि ते वीस वर्षे टिकते. ती मुदत संपत आली की कंपन्या त्याच रेणूचा एखादा क्षार, स्फटिकरूप, मिश्रण किंवा मात्रा यांवर दुसरे पेटंट मागतात. मक्तेदारी सदैव हिरवीगार ठेवण्याच्या या पद्धतीला भारतीय कायद्याने २००५ मध्ये लगाम घातला. पेटंट कायद्याचे कलम ३(डी) सांगते, की ज्ञात पदार्थाचे नवे रूप त्याच्या गुणकारितेत लक्षणीय भर घालत नसेल, तर तो नवा शोध ठरत नाही. नोव्हार्टिसच्या ग्लिव्हेक या कर्करोगावरील औषधाचा खटला सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये याच कलमाच्या आधारे निकाली काढला होता.

परंतु कलम कितीही चांगले असले, तरी त्यावर बोट ठेवणारा कोणी लागतो. पेटंट कार्यालयातील परीक्षकापुढे अर्जांचा ढीग असतो आणि कंपनीच्या बाजूने निष्णात वकील असतात. समतोलासाठी कायद्यात कलम २५(१) आहे : अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट दिले जाईपर्यंत ‘कोणीही व्यक्ती’ लेखी हरकत नोंदवू शकते. या दोन शब्दांवर थोडे थांबायला हवे. पेटंट दिल्यानंतरची हरकत घेण्यासाठी ‘हितसंबंधी व्यक्ती’ असावे लागते. आधीच्या हरकतीला अशी अट नाही. भारताचे नागरिकत्वही लागत नाही. म्हणूनच दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले भारतातल्या अर्जाला आव्हान देऊ शकल्या. जगातल्या गरीब देशांची औषधे मोठ्या प्रमाणावर भारतात बनतात. साहजिकच भारतात जे पेटंट मिळते किंवा नाकारले जाते, त्याचा परिणाम केपटाऊनच्या वस्तीतही होतो.

दोघींनी फेब्रुवारी २०१९ मध्ये हरकत दाखल केली. वैद्यकीय क्षेत्रात काम करणाऱ्या ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेने त्यांना पाठबळ दिले आणि वकिलांनी युक्तिवाद बांधला. मुद्दा असा, की औषधी रेणू शरीरात नीट शोषला जावा म्हणून त्याचा क्षार बनवणे ही औषधनिर्मितीतली नित्याची प्रक्रिया आहे. त्यात शोधक बुद्धीचे असे काही नाही. निर्णय यायला चार वर्षे लागली. पेटंट कार्यालयापुढच्या या प्रक्रियेत मोर्चांना वा घोषणांना जागा नव्हती. झाली ती कागदपत्रांची देवाणघेवाण आणि सुनावण्या. पाठपुराव्याच्या कथा सांगताना हा कंटाळवाणा भाग बहुधा गाळला जातो. माझ्या मते मुख्य भाग तोच आहे.

निकालानंतर घटना वेगाने घडल्या. ११ जुलै २०२३ रोजी अमेरिकी लेखक जॉन ग्रीन यांनी कंपनीला उद्देशून एक चित्रफीत प्रसारित केली आणि त्यांच्या हजारो चाहत्यांनी तो प्रश्न समाजमाध्यमांवर लावून धरला. दोनच दिवसांनी बातमी आली, की संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखालील ‘ग्लोबल ड्रग फॅसिलिटी’ला बहुतेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी स्वस्त आवृत्त्या खरेदी करण्याची मुभा कंपनीने दिली आहे. चाहत्यांनी विजयोत्सव केला. वास्तविक हा करार त्याआधीच ठरला होता. श्रेय वाटताना इतका प्रामाणिकपणा बाळगायला हवा, अन्यथा पुढच्या वेळी लोक दोन दिवसांत निकालाची अपेक्षा धरतात आणि तिसऱ्या दिवशी निराश होतात. चाहत्यांच्या रेट्याचा उपयोग झाला तो नंतर. करारातून काही देश वगळले गेले होते, ही त्रुटी लपून राहिली नाही. सप्टेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या स्पर्धा आयोगाने कंपनीच्या किमतींची चौकशी सुरू केली आणि महिनाअखेरीस कंपनीने जाहीर केले, की १३४ गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत ती बेडाक्विलीनची दुय्यम पेटंटे बजावणार नाही.

किंमत कशी उतरत गेली ते पाहू. गरीब देशांसाठीची ९०० डॉलरची किंमत २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेने रेटा लावल्यावर ४०० झाली, २०२० मध्ये ३४०, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये स्पर्धात्मक निविदा निघताच १३०. कंपनी तीच, गोळीही तीच. फक्त शेजारी ल्युपिनची निविदा येऊन बसली होती. त्याच सप्टेंबरात क्षयरोगाच्या तपासणीसाठी लागणारे जीनएक्स्पर्टचे काडतूस बनवणाऱ्या डॅनाहर कंपनीनेही दर ९.९८ डॉलरवरून ७.९७ डॉलरवर आणला. पाच डॉलर दराची मागणी संघटना २०१९ पासून करीत होत्या. ती पुरती मान्य झाली नाही. अधिक चिवट क्षयरोग ओळखणाऱ्या काडतुसाचा सुमारे १५ डॉलरचा दर तसाच राहिला.

या साऱ्यातून एक गोष्ट ठळकपणे दिसते. ‘औषधे स्वस्त करा’ ही मागणी कोणालाच उद्देशून नसते, म्हणून तिला कोणी उत्तर देत नाही. ‘या क्रमांकाच्या अर्जावर या कलमाखाली पेटंट देऊ नये’ या मागणीला पेटंट अधिकाऱ्याला कायद्यानेच उत्तर द्यावे लागते. निर्णय कोणाच्या हातात आहे, तो कोणत्या तारखेपर्यंत बदलता येतो आणि बदलण्याचा अधिकार त्याला कोणत्या तरतुदीने दिला आहे, एवढे शोधून काढणे म्हणजे अर्धा पाठपुरावा. आरोग्याचा हक्क आंतरराष्ट्रीय करारांत आहेच; आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या करारातील बारावे कलम त्यासाठीच आहे आणि भारत १९७९ पासून त्या कराराने बांधलेला आहे. अमेरिकेने १९७७ मध्ये त्यावर स्वाक्षरी केली, पण अनुसमर्थन आजवर केलेले नाही. हक्क जाहीर होतो जिनिव्हात आणि न्यूयॉर्कमध्ये. रुग्णाच्या हाती तो पडतो एखाद्या खालच्या पायरीवरच्या कार्यालयातून.

अमेरिकेत ही पद्धत सामान्य नागरिकांना शिकवणाऱ्यांपैकी एक म्हणजे सॅम डेली-हॅरिस. मायामीतील या संगीतशिक्षकाने १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुमारे ७,००० शालेय विद्यार्थ्यांना त्यांच्या काँग्रेस सदस्याचे नाव विचारले. जेमतेम २०० जणांना ते सांगता आले. त्यातून १९८० मध्ये ‘रिझल्ट्स’ ही संघटना उभी राहिली. भूक, बालमृत्यू, क्षयरोग अशा विषयांवर तिचे स्वयंसेवक आपापल्या मतदारसंघातील लोकप्रतिनिधीला आणि स्थानिक वृत्तपत्राच्या संपादकाला पत्रे लिहितात, भेटतात आणि प्रत्येक वेळी एकच नेमकी मागणी ठेवतात. प्रतिनिधीच्या कार्यालयात परराष्ट्र मदतीचा विषय सांभाळणारा एखादाच तरुण कर्मचारी असतो आणि त्याच्याकडे दहा विषय असतात. मतदारसंघातील पाच लोक एकाच मागणीसाठी दर दोन महिन्यांनी भेटले तर ती कार्यालयाच्या नोंदीत जाते. हजारो लोकांनी एकाच मजकुराचा ईमेल पाठवला, तर त्याला उत्तरही तसेच छापील येते.

सध्या या कामाला निकड आहे. परदेशी मदतीला स्थगिती देणारा आदेश जानेवारी २०२५ मध्ये निघाला आणि १ जुलै रोजी यूएसएआयडी ही संस्थाच बंद झाली. क्षयरोगासाठी अन्य देशांना थेट मदत करणाऱ्यांत ती सर्वांत मोठी होती. काँग्रेस या कामासाठी वर्षाला सुमारे ३९ कोटी डॉलर मंजूर करीत असे. त्याच जुलैत आधी मंजूर झालेले सुमारे ९ अब्ज डॉलर परत घेणारे विधेयक काँग्रेसने संमत केले. त्यातील एक तपशील मात्र नजरेतून सुटू नये. जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या काळात सुरू झालेल्या एचआयव्हीविरोधी कार्यक्रमातील ४० कोटी डॉलरची कपात मूळ प्रस्तावात होती. संघटनांचा विरोध आणि सिनेटमधील काही सत्ताधारी सदस्यांचाच आक्षेप यामुळे ती वगळावी लागली. उरलेल्या कपातीपुढे ४० कोटी किरकोळ वाटतील. औषध घेणाऱ्यांच्या दृष्टीने ते तसे नाहीत.

अर्थसंकल्पी वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते; आपल्या मागण्या विनियोग समितीकडे पाठवण्याचे काम सदस्य साधारणतः वसंत ऋतूत करतात. पत्र लिहायचे तर तेव्हा. सप्टेंबरात लिहिलेल्या कळकळीच्या पत्राला सहानुभूती मिळते, आकडा बदलत नाही.

आपल्यापैकी अनेकांचा प्रश्न असतो, की आम्ही नागरिक नाही, आम्हाला हे करता येईल का. अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क ‘लोकांना’ दिला आहे. तेथे ‘नागरिक’ हा शब्द नाही. ग्रीन कार्डधारक किंवा एच-१बी व्हिसावरील रहिवासी हाही त्या मतदारसंघाचा रहिवासीच आहे आणि तो प्रतिनिधीला पत्र लिहू शकतो, भेटू शकतो. निवडणूक निधीला देणगी मात्र नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांनाच देता येते. व्हिसाधारकाने त्या वाटेला जाऊ नये. परकीय सरकारच्या वा संस्थेच्या सांगण्यावरून केलेल्या कामाला नोंदणीचा वेगळा कायदा आहे, तेही ध्यानात असावे. सध्याच्या वातावरणात व्हिसाधारकांना वाटणारी धास्ती अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही. ज्याने त्याने आपला अंदाज घ्यावा. औषध कंपन्यांत नोकरीला असलेल्यांनी आपल्या मालकाविषयी जाहीरपणे लिहिण्यापूर्वी नोकरीच्या अटी वाचाव्यात. भागधारकांना मात्र वेगळा मार्ग आहे : ठरावीक मूल्याचे समभाग ठरावीक काळ बाळगणारा कोणीही वार्षिक सभेसाठी ठराव मांडू शकतो. काही धर्मसंस्था-गुंतवणूकदारांनी पेटंट लांबवण्याच्या प्रश्नावर बड्या औषध कंपन्यांत असे ठराव मांडलेही आहेत.

ब्रिटनमधील वाचकांची स्थिती याहून सोयीची आहे आणि पुष्कळांना ती ठाऊक नसते. तेथे वैधपणे राहणारे भारतीय नागरिक राष्ट्रकुलाचे नागरिक या नात्याने संसदेच्या निवडणुकीत मतदान करू शकतात. परदेशी मदतीचे प्रमाण राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर आणण्याची घोषणा तिथल्या सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये केली. आपल्या खासदाराला त्याविषयी विचारणारा माणूस मतदारही असणे याला वजन आहे. आखाती देशांत अशी वाट नाही आणि ती काढण्याचा सल्ला देणे बेजबाबदारपणाचे ठरेल. मात्र तिथल्या भारतीय नागरिकाला भारत सरकारकडे माहितीच्या अधिकाराचा अर्ज ऑनलाइन करता येतो आणि कलम २५(१) चे दारही त्याला खुले आहे.

ते दार अलीकडे अरुंद झाले आहे. मार्च २०२४ मध्ये अधिसूचित झालेल्या पेटंट नियमांनुसार पेटंटपूर्व हरकतीला शुल्क लागू झाले आणि हरकत ऐकून घेण्याजोगी आहे की नाही हे नियंत्रक आधी ठरवणार, अशी पायरी वाढली. खोडसाळ हरकतींमुळे अर्ज रखडतात, हे सरकारचे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. अशा हरकती होत असतात. पण गाळणी कोण कशी लावतो यावर सारे अवलंबून आहे. नव्या नियमांखाली २०१९ मधली ती हरकत टिकली असती असे मला वाटते, पण ती नोंदवणाऱ्याला आज वकील पहिल्या दिवसापासूनच लागला असता.

आणि इथे आपल्या वाचकवर्गाजवळ असलेले एक साधन उपयोगी पडू शकते. औषधरसायन, सूत्रीकरण, पेटंट परीक्षण, जैवसांख्यिकी या क्षेत्रांत काम करणारी मराठी माणसे बॉस्टनपासून बाझेलपर्यंत आहेत. एखाद्या क्षाराची विद्राव्यता आधीच्या शोधनिबंधावरून अपेक्षित होती की नव्हती, हे शपथपत्रावर सांगू शकेल असा तज्ज्ञ रुग्णसंघटनांना सहसा परवडत नाही. मुंबईच्या संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्टने २०१२ मध्ये काविळीच्या हिपॅटायटिस सी वरील पेगॅसिस या औषधाचे पेटंट रद्द करवून घेतले होते. अशा प्रत्येक प्रकरणात विज्ञानाची बाजू कोणीतरी विनामोबदला किंवा अल्प मोबदल्यात मांडावी लागते. अर्थात आपल्या मालक कंपनीचे हितसंबंध गुंतलेले असतील, तर त्या प्रकरणापासून दूर राहावे. भारतीय पेटंट कार्यालयाचे नियतकालिक दर शुक्रवारी निघते, त्यात नव्याने प्रसिद्ध झालेल्या अर्जांची यादी असते आणि ते संकेतस्थळावर कोणालाही विनाशुल्क वाचता येते.